चासकमानच्या वाटेवरचे दोन फोटो

आमच्या घरातली सहल आधी दवाखान्याच्या पाटीवर जाहीर होते. ‘मंगळवारी डॉक्टर नाहीत’ असं खडूनं लिहिलेलं दिसलं की मी थालीपिठाची तयारी करते. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे कासारवाडीतला आमचा दवाखाना तेव्हाच तुडुंब असतो. माझे अहो तिथे चाळीस वर्षं डॉक्टर आहेत, पण कॅमेऱ्याचं वेड त्याच्याही आधीचं. लग्नानंतर महाबळेश्वरला त्यांनी माझे चार फोटो काढले आणि धुक्यावर दोन रोल संपवले. ते मी अजून ऐकवते.

या जानेवारीत राजगुरुनगरच्या पुढे, चासकमान धरणाकडे निघालो. जाणार असाल तर सहाच्या आत मोशी ओलांडा. नंतर शिफ्टच्या बस आणि कंटेनर सुरू होतात आणि चाकणच्या चौकात देव आठवतो. राजगुरुनगरला मिसळ खा, दोघांचं दोनशेच्या आत भागतं. सोबत ताक मात्र घ्याच.

धरणाच्या अलीकडच्या वस्तीत एक आजी अंगणात शेंगा फोडत होत्या. कोवळं ऊन थेट चेहऱ्यावर. डॉक्टरांनी फोटोचं विचारलं.

“काढ की! बोळक्याचा फोटू काढून काय करनार?” म्हणत आजी खळखळून हसल्या.

“श्वास घ्या... धरून ठेवा,” डॉक्टर सवयीनं म्हणाले. फोटो काढतानाही त्यांना समोर पेशंटच दिसतो. आजी आणखीच हसल्या. मग सुनेनं चहा दिला. निघताना डॉक्टरांनी आणखी एक फोटो घेतला आणि स्क्रीनकडे बघत थबकले.

“आजी, पुन्हा हसा बरं.”

“हसतेय की बाबा.” शब्द जड आले. ओठाची एकच बाजू वर गेली.

“दोन्ही हात वर करा.”

डावा हात अर्ध्यातूनच खाली आला.

“पक्षाघाताचा झटका आहे. गाडी काढ,” डॉक्टर मला म्हणाले. आजी आणि सून मागे बसल्या, मी चाकणकडे सुसाट निघाले. चौकात अडकलोच. डॉक्टर खाली उतरून कंटेनरवाल्यांना हात जोडत होते.

चाकणच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कधीपासून?”

“सकाळपासनंच गप गप हायेत,” सून रडत म्हणाली.

तसं असतं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं नसतं, त्याची साडेचार तासांची मुदत उलटून गेली असती. डॉक्टरांनी कॅमेरा पुढे केला. आठ चाळीसच्या फोटोत हसू पुरतं होतं, नऊ पाचच्या फोटोत अर्धं. बाईंनी कॅमेऱ्यातली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन वेळेत गेलं.

घरी आल्यावर पहिला फोटो मोठा करून पाहिला. इतका सुंदर फोटो यांनी आयुष्यात काढला नव्हता. मी म्हटलं, “दिवाणखान्यात लावू या.”

“तो पेशंटचा रिपोर्ट आहे,” डॉक्टर म्हणाले. “ज्याचा त्याला द्यायचा.” अशा वेळी या माणसावर फार जीव जडतो.

महिन्यानं छापून घेऊन गेलो. आजी बराच वेळ फोटो बघत राहिल्या.

“मी एवढी देखनी हाय, हे कुनी बोललंच न्हाई!”

फोटो त्यांनी डाव्या हातात धरला होता.