अंधारमावशीची फ्रेम

नाटक कंपनीत तिला सगळे अंधारमावशी म्हणायचे. नाव काही फार शुभ नाही, पण तिला त्याचा भलताच अभिमान. दोन प्रवेशांच्या मध्ये दिवे गेले की रंगमंचावर शिरायचं, सोफा उचलायचा, पलंग लावायचा, फुलदाणी बदलायची आणि दिवे यायच्या आत विंगेत पसार व्हायचं, हे तिचं काम. उभा जन्म त्यात गेला, पण एकाही प्रेक्षकाला ती कधी दिसली नाही. "दिसले असते तर घरी बसवलं असतं मला," असं ती ठसक्यात सांगायची.

शेवटी वय झालं आणि ती आपणहून घरी बसली. वाटलं, सुटले. कसलं काय! खरं नाटक घरातच वाढून ठेवलेलं.

तिला दोन मुलगे, दोघंही फ्रिज दुरुस्त करणारे. पाना कसा धरायचा इथपासून थोरल्याने धाकट्याला शिकवलं, आपल्या दुकानात शेजारी बसवलं. आणि धाकट्याने काय करावं? लग्न झाल्यावर दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटलं. आधी बोलला असता तर थोरल्याने स्वतः जाऊन पाटी टांगून दिली असती. पण धाकट्याची हिंमत झाली नाही, आणि थोरल्याला ही बातमी कळली ती एका गिऱ्हाइकाकडून. झालं! तेव्हापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "त्याचा फोटो ज्या खोलीत असेल तिथे मी चहाचा घोटसुद्धा घेणार नाही," थोरल्याने जाहीर केलं. हे धाकट्याच्या कानावर गेल्यावर त्याने तरी मागे का राहावं? त्यानेही तेच ऐकवलं.

दातही आपलेच आणि ओठही आपलेच. मावशीने कुणाला बोलायचं? तिने आपली जुनी विद्या बाहेर काढली. शनिवारी धाकटा येतो म्हणून बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर धाकटा, त्याची बायको आणि त्यांची चिमुरडी. रविवारी थोरला येतो म्हणून त्याच खिळ्यांवर थोरला, सून आणि नातू. उरलेली मंडळी पलंगाखाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. नवरा स्टुलावर चढायचा, मावशी खालून फोटो द्यायची, आणि पाहता पाहता भिंत पालटायची. सहा वर्षं हे चाललं. धाकट्याची मुलगी बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तिचे पुढचे दात पडले, पण काकाने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. तेवढं मात्र मावशीला रुतायचं. पोरगी घरी गेली की ती तिचा फोटो अभ्र्यात घालायच्या आधी पदराने पुसायची आणि म्हणायची, "माफ कर गं बाई."

नवरा साधा माणूस. नळजोडणीच्या कामात गुडघे झिजवून बसलेला. एका शनिवारी धाकटा जेमतेम जिना उतरला असेल, तोच थोरला अवचित दारात! ऐन प्रवेशात दिवे लागावेत तशी गत. मावशीने हातातले फोटो पोटाशी धरून आतल्या खोलीत धूम ठोकली आणि नवरा स्टुलावरून उतरण्याच्या घाईत घसरला.

"बाबा, स्टुलावर काय करत होतात?"

"जळमटं," बाबा पाय चोळत म्हणाले. "फार जळमटं झालीत या घरात."

त्यानंतर त्यांनी साफ सांगितलं, "अगं, मी आता स्टुलावर चढणार नाही. भिंतीला काय करायचं ते तुझं तू बघ."

म्हणून मग डिजिटल फोटोफ्रेम घ्यायचं ठरलं. शेजारणीकडे मावशीने ती पाहिली होती. एकच काच आणि आतली माणसं आपोआप बदलतात. तिला वाटलं, अरे वा, स्टुलाशिवाय प्रवेशबदल!

दुकानात भिंतभर फ्रेमा लावलेल्या आणि सगळ्यांत एकच गोरंगोमटं कुटुंब दात दाखवून हसत होतं.

"हे कोण?" मावशीने विचारलं.

"ते असंच, काकू. कंपनीने घालून दिलेत," विकणारी मुलगी म्हणाली.

"भांडत नाहीत वाटतं कधी."

पोरगी हसली आणि उत्साहाने सांगायला लागली. ही मोठी, ही लाकडी कडेची, हिच्यावर दुपारचं ऊन चमकत नाही, आणि ही सगळ्यात भारी: घरातले सगळे आपापल्या फोनवरून हिच्यावर थेट फोटो पाठवू शकतात.

"नको नको नको!" मावशी दोन पावलं मागेच सरली. "कुणी कधीही उगवेल. मला सांग, एका बटणात सगळी माणसं बदलतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, एक दाबलं की ही तीन माणसं. दोन दाबलं की ती तीन. यांच्यात ते नकोत, त्यांच्यात हे नकोत. आणि बदलताना आवाज नको."

मुलगी गोंधळली. तिने एकदा मावशीकडे, एकदा सोबत आलेल्या काकांकडे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे, पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, दोन संसार आहेत का?"

"संसार एकच आहे गं, नाटकं दोन आहेत," काका मधेच म्हणाले.

शेवटी लाकडी कडेची, रिमोटवाली एक फ्रेम निघाली. मुलीने समजावून सांगितलं: चालू केली की आधी सगळेच फोटो एकामागून एक येतात. मग रिमोटवर एक दाबा, पहिला अल्बम. दोन दाबा, दुसरा. मावशीने दुकानातल्या दुकानात वीसदा दाबून पाहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत माणसं पालटत होती.

"मला तर ते पहिलंच आवडलं," काका म्हणाले. "सगळे एकामागून एक येतात ते."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

परतताना काका म्हणाले, "तुला एक सांगू? राग मानू नकोस. तू इतकी चोख काम करतेस ना, त्यामुळेच हे चाललंय. सहा वर्षं पोरांच्या वाटेत साधा खडासुद्धा येऊ दिला नाहीस. मग अडखळणार कधी ते?"

मावशी फणकारली, "म्हणजे आता सगळा दोष माझाच! उंटावरचे शहाणे तुम्ही." पण ते बोलणं तिला लागलं.

रविवार आला. फ्रेम कपाटावर दिमाखात बसलेली. थोरल्याची पावलं जिन्यावर वाजली तशी मावशीने फ्रेम चालू केली आणि रिमोटवर एक दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. रिमोट तळहातावर आपटला, पदराला पुसला, पुन्हा दाबला. फ्रेम आपली ढिम्म, सगळे फोटो एकामागून एक दाखवत बसलेली. थोरला आत आला आणि चपला काढून समोरच बसला. मावशी बटण बंद करायला धावली, तर बटणासमोरच नवरा खुर्ची टाकून, पेपर पसरून बसलेला.

"अहो, सरका की जरा!"

"गुडघा धरलाय," पेपरामागून आवाज आला.

मावशीला वाटलं, संपलं. आता हा उठणार, चहा न घेता जाणार, आणि गेला तो कायमचाच. तिने कप त्याच्यापुढे ठेवला. फ्रेममध्ये थोरल्याचा मुलगा आला, सून आली. आणि मग आली ती. दोन वेण्या, पुढचे दात गायब, फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात बसलेली आणि हातात तिच्या हाताएवढा पाना.

थोरल्याने कप तोंडाशी नेता नेता थांबवला.

"ही कोण?"

मावशीकडे सहा वर्षं प्रत्येक प्रश्नाला थाप तयार असायची. या वेळी एकही आठवेना. तिने खरं तेच सांगितलं, "तुझी पुतणी."

तेवढ्यात फोटो बदलला. धाकटा आला, दुकानाच्या पाटीखाली उभा. थोरला त्याच्याकडे बघत राहिला. उठेल, आता उठेल, म्हणून मावशीने श्वास रोखून धरला. तो उठला नाही.

"परत आण ना तिला," तो म्हणाला.

"आणता येत नाही रे. पाळीने येतात सगळे. थांब थोडा."

तो थांबला. पुन्हा त्याचा मुलगा, पुन्हा त्याची बायको, आणि पुन्हा ती बोळकी. थोरला पुढे वाकला, डोळे बारीक करून त्याने नीट पाहिलं, आणि त्याचा आवाज चढला.

"पाना उलटा धरलाय तिने! आई, बघ, उलटा! हा गाढव पोरीला हे शिकवतोय? बोट चेंगरेल तिचं. मी त्याला असं शिकवलं होतं का?"

"नव्हतं शिकवलंस," मावशी कशीबशी म्हणाली.

"उद्या पाठव म्हणावं तिला माझ्याकडे. दुकानात. पाना घेऊन." मग फ्रेमवरची नजर न काढता तो पुटपुटला, "आणि पोचवायला त्याला यायचं असलं तर... येऊ दे त्यालाही."

एवढं बोलून त्याने चहाचा कप एका दमात रिकामा केला. त्याच खोलीत, धाकट्याच्या फोटोसमोर. वर म्हणाला, "अजून अर्धा कप आहे का गं?"

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून मनसोक्त रडली. हसतही होती, रडतही होती, चहा उतू चालला तरी तिचं लक्ष नव्हतं. मागून नवरा लंगडत आला, गॅस बारीक केला आणि खिशातून दोन छोटे सेल काढून तिच्यापुढे धरले.

"हे घे. रिमोटमधले."

मावशीने आधी सेलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. जन्मभर तिने भल्याभल्यांच्या डोळ्यांदेखत सामान गायब केलं होतं, आणि या बाबाने तिच्याच हातातल्या रिमोटमधून!

"ठेवा खिशातच," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि साखर द्या इकडे, तो दोन चमचे घेतो."