एकमताची विहीर

मेडशीकडच्या आमच्या गावात पहिली ग्रामपंचायत बसली, तेव्हा पाच पंचांत मी एक होतो. चार इयत्ता शिकलो होतो, त्यामुळे गावातली निम्मी अक्कल माझ्याकडेच आहे असा माझा समज होता.

सरकारनं एक विहीर मंजूर केली. जागा पंचांनी ठरवायची. त्याआधी तालुक्याहून एक साहेब व्याख्यान द्यायला आले. हात वर करून मतं मोजणं ही परकी रीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर बोलतो, आणि परमेश्वर काही तीन विरुद्ध दोन असा बोलत नाही. आम्ही माना डोलावल्या. साहेबांच्या घरी पाणी भरायला गडी होता.

मग परमेश्वराला बोलतं करायला आम्ही पारावर बसलो. एकाला विहीर दाराशी हवी, दुसऱ्याला गोठ्यापाशी. एकानं जागा सुचवली की बाकीचे चौघे मोडता घालायचे. खरं तर पाणी कुठं आहे, ते पाचांनाही ठाऊक होतं. गावाच्या खालच्या अंगाला, उंबराखाली. पण ज्यांच्या हातचं पाणी आम्ही पीत नव्हतो, त्यांची वस्ती उंबराला लागून होती. हे कोणी बोललं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी एकमत झालं. ज्या जागेचा कोणालाच फायदा नाही, अशी जागा सापडली. गावाबाहेरचा माळ. साहेबांनी आमची पाठ थोपटली. वडारांनी सुरुंग लावून लावून हात टेकले. खाली नुसता काळा पाषाण.

बायको उन्हाळाभर नदीच्या वाळूत झिरे उकरून पाणी आणत होती. तिला सातवा महिना होता. मला तिची काळजी वाटायची, पण ठरावात काळजी लिहायला जागा नसते. एका दुपारी तिनं घागर उतरवली आणि मला तांब्या भरून दिला. मी घटाघटा प्यालो.

"उंबर तं तुमाले मालूम होता," ती म्हणाली. "मंग काहून नाही बोलले?"

"पंचाईत फुटली असती."

"आज मले वाकता येत नोतं. त्याच वस्तीतल्या बाईनं झिऱ्यातून घागर भरून देल्ली. तेच पेले तुमी."

मी रिकामा तांब्या घेऊन बसून राहिलो. लाज वाटली, ती अजून वाटते. पुढच्या बैठकीत माळावरची विहीर आणखी खोल खणायचा ठराव आला. मी गप्प बसलो, आणि तो एकमतानं मंजूर झाला.