धोंडू निवला तेव्हा

देवरूखच्या बाजारात धोंडू शिवणयंत्रावर बसायचा. बंडी, चोळी, सदरा, काहीही सांगा. गिऱ्हाइकाला नुसतं बघून बेतायचा. एकतीस सालच्या उन्हाळ्यात त्याला यंत्राच्या घरघरीत माणसं बोलताना ऐकू यायला लागली. "तुझा भाऊ तुला संपवणार," असं ती सांगत. धोंडूनं घरातली पेज सोडली. तांदूळ स्वतः शिजवायचा, आणि तोही हुंगून खायचा.

थोरला भाऊ गंगाराम, त्यालाही धोंडूचा भरवसा वाटेना. त्यानं कात्री, कोयती, विळी सगळं माळ्यावर टाकलं. शेजारी म्हणायचे, "येडा कधी गळा धरील, नेम नाही." धोंडूची बायको चिमा माजघराला आतून कडी लावून निजायची.

पाऊस सरला तसा धोंडू निवला. सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागला. कात्रीही परत मिळाली. पण साध्या सदऱ्याची बाही त्यानं दोनदा चुकीची कापली. त्या फडक्याकडे बघत बसून राहिला.

"ती माणसं नव्हतीच गो," तो चिमाला म्हणाला. "माझंच डोकं फिरलंय. आता हातातली कलाही चालली."

गंगाराम खूश झाला. "शहाण्यासारखा बोलतोय. धोका टळला."

चिमाला तेच खुपलं. आजारात तो ओरडायचा; आता उगाच गोड बोलत होता. राहिलेले कपडे त्यानं घाईनं पुरे केले. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान शेजारच्या शिंप्याला देऊन टाकलं. का?

त्याच दुपारी तो कातळावरच्या वाटेला लागला. चिमा दुरून मागोमाग गेली. पडक्या विहिरीच्या काठावर तो टेकला, तेव्हा ती शेजारी जाऊन बसली.

"कशाला आलीस? मी कुणाला मारीन म्हणून?"

"आधी तेच भ्या होतं. आता तुमी स्वतःचं काय कराल, त्याचं वाटतं."

धोंडू हुंदके देऊ लागला. "येडा होतो तेच बरं होतं. काय कळत नव्हतं."

तिनं त्याचा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

चिमानं विहिरीचं सांगितलं, तेव्हा गंगारामनं बैलगाडी जुंपली. हातखंब्यावरून धोंडूला रत्नागिरीला, वेड्यांच्या इस्पितळात नेलं. वर्षभरानं तो परतला. चोळी काही पुन्हा जमली नाही. पिशव्या, गोधड्या शिवायचा. आवाज अधूनमधून येतच. तो अंगणाबाहेर पडला की चिमा हातातलं काम टाकून निघे.

"पाळत ठेवतेस?" तो चिडून विचारी.

"ठेवते," ती म्हणे, आणि चालत राही.