काकांची गाळलेली ओळ

देवाशी उघड भांडण काढून दर रविवारी त्याच्याच घरी सगळ्यांच्या आधी हजर होणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असणार, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा, आमचे काका. "बोलणं बंद हाय आमचं, येणं-जाणं न्हाय," असं म्हणायचे. जणू देव म्हणजे बांधावरून वाकड्यात शिरलेला चुलतभाऊच! चर्चमध्ये पहिला बाक त्यांचा, गायनात आवाजही त्यांचाच चढा. प्रभूची प्रार्थना खणखणीत म्हणायचे. फक्त देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं जिथं म्हणायचं असतं तिथं तोंड घट्ट मिटून घ्यायचे. ती ओळ मावशी दोघांच्या वाटची म्हणायची.

एकुलती एक लेक तापानं गेली तेव्हापासूनचं हे. तिच्यासाठी रात्रंदिवस गुडघे टेकले होते त्यांनी. "त्याच्या मनासारखं झालं की! वर आणि मीच म्हणू व्हय?" एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, पाप म्हणजे नुसती चोरी-लबाडी नव्हे. देवाकडं पाठ फिरवून 'माझंच खरं' म्हणणं, हे मूळ बंड. एदेन बागेत आदाम-हव्वेनं मना केलेलं फळ खाल्लं, तिथंही प्रश्न फळाचा नव्हताच. उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना काका सगळ्यांसमोर गरजले, "साहेब, माझ्यावरच बोलला न्हवं? मग नाव घ्यायचं की!" मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच दुपारी त्याच पाळकांच्या घरी काकांनी तांबड्या रश्श्याचा डबा पोचवला.

पुढं मावशीच अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले. मरणाची भीती तिला नव्हती, घोर होता तो वेगळाच. मला म्हणाली, "मी गेल्यावर ह्यांचं देवाशी कोण जुळवून देणार गं? असंच अडून बसलं, तर वर माझी नि लेकीची गाठ कशी पडायची ह्यांच्याशी?" मला रडूच फुटलं.

एका सकाळी पाळक आले. खाटेभोवती आम्ही प्रार्थना म्हणू लागलो. त्या ओळीपाशी मावशीचा आवाज फुटेना. ती नुसती काकांकडं बघत राहिली. पाळकही थांबले. काकांनी तिचा हात धरला, आढ्याकडं बघितलं आणि भांडणाच्याच सुरात म्हणाले, "कर बाबा तुझ्या मनासारखं. पर हिला आता लई दुखवू नगंस." मावशीनं डोळे मिटले, तोंडावर हसू होतं. त्याच आठवड्यात ती गेली.

काका आता ती ओळ म्हणतात. हळू, एकेक शब्द चाचपत. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, सुधारले. मला मात्र त्यांचं ते चाचपत म्हणणं ऐकवत नाही. परवा न राहवून मी विचारलं, "काका, राग गेला का हो देवावरचा?"

"ऱ्हायलाय थोडा," ते म्हणाले. "पर भांडू कसा पोरी? दोघी बी त्याच्याकडंच हायत."