शेवाळाचं डिझेल करणारी नसीम

इकबालभाईंचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. दुपारचे तीन वाजले असतील. "वंदनाताई, नसीम गेली," एवढंच ते म्हणाले. दम लागला, गाडीत घातलं, इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत… त्यांनी फोन ठेवला. या गोष्टीला आता दोन महिने झाले. लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. इकबालभाईंनी, तिच्या नवऱ्यानं, उद्या समोर बसून विचारलं, ताई, तुमाला ठाऊक हुतं का, तर मी काय सांगणार होते?

नसीम आणि मी एकाच वर्षी कॉलेजात लागलो. ती जीवरसायनशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. मी अंथुर्ण्याची, ती डाळजची. तिच्या वडिलांचं रान धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्यात त्या पाण्यावर हिरवी साय धरते, जाळी टाकणाऱ्यांचे हात खाजतात, जनावरं पाण्याला तोंड लावत नाहीत. त्या पाण्याची बाटली समोर धरून ती मला म्हणाली होती, "वंदे, शेवाळात तेल असतं. हे जंगली नको, चांगल्या जातीचं आपण वाढवू." अब्बांच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून पत्र्याची शेड होती. तिथं तिनं काचेच्या टाक्या मांडल्या. अब्बा बघत राहिले. "जलमभर पाटातलं शेवाळ उपसून टाकलं, आन् लेक तेच पेरतीया," असं येईल त्याला सांगायचे, पण तक्रारीच्या सुरात नव्हे.

तेल निघालं, डिझेल होईना. कास्टिक सोडा घालून तापवलं की आमचं तेल साबण होऊन बसायचं. मग नसीमनं एन्झाइम आणलं. लायपेज. आपल्या पोटात तेलातुपाचं पचन करणारं असतं, त्याच कुळातलं. त्याला कास्टिक नको, मोठी आच नको, कोमट पाण्याएवढी ऊब पुरते. फक्त तेलाचं डिझेल करायला जे मिथेनॉल घालावं लागतं, ते त्याला एकदम सोसत नाही, थोडं थोडं घालावं लागतं. नसीम बाटलीशी बसून तासन् तास ते थेंबाथेंबानं घालायची. एके सकाळी बाटलीत दोन थर दिसले, खाली घट्ट ग्लिसरीन, वर पिवळंधमक पातळ डिझेल. अब्बांच्या जुन्या इंजिनात ते थोडं मिसळून घातलं आणि इंजिन रोजच्यासारखं चाललं. रोजच्यासारखं चाललं, याचंच नसीमला इतकं अप्रूप की ती बांधावर बसून रडली.

आम्ही भ्यायचो ते मिथेनॉलला. ते विषारी, पेट घेणारं, म्हणून दारं उघडी ठेवायचो, हातमोजे घालायचो. पावडरीला कोण भितं? एन्झाइम पिठासारखं बारीक होतं. डबा उघडला की हवेत उडायचं. पंखा चालू असायचा. तोलताना आम्ही दोघी शिंकायचो आणि हसायचो.

दोन-अडीच महिन्यांनी नसीमच्या छातीत शिट्टी वाजू लागली. सुट्टीत बरी असायची, शेडमध्ये गेली की पुन्हा. बारामतीत डॉक्टरांकडे मीच तिच्यासोबत होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, "तुमच्या शरीरानं ही पावडर शत्रू म्हणून ओळखलीय. आता चिमूटभरसुद्धा पुरेल. हा नाद सोडा." जिना उतरताना नसीमनं माझं मनगट धरलं.

"घरी सांगू नको. इकबाल शेडला कुलूप घालतील."

"घालू देत की."

"वंदे, मी भ्याले नाही असं नाही. पण आत्ता कुठं जमायला लागलंय."

मी सांगितलं नाही. तिनं पावडर बंद केली, पातळ स्वरूपातलं एन्झाइम मागवलं, मास्क वापरू लागली. एकदा मात्र भर दुपारी, माझ्यासमोर, फळी पुसताना जुनी धूळ उडाली आणि ती खाली बसली. ओठ निळसर पडले. माझ्याकडे बघत होती, पण आवाज निघत नव्हता. तिच्या पर्समधला दम्याचा पंप मला सापडेना… सापडला तेव्हा मीच तो तिच्या तोंडाला लावला. त्यानंतर मला रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, उद्या.

ती गेली त्या आठवड्यात पातळ एन्झाइम संपलं होतं. तिनं फोनवर सांगितलं, "जुना डबा काढलाय गं. मास्क लावलाय." मी म्हणाले, "जप." एवढंच म्हणाले. दवाखान्याच्या कागदावर दम्याचा झटका लिहिलंय, पावडरीचा उल्लेख कुठं नाही. ते मला ठाऊक होतं. अलीकडे जिना चढताना मलाही धाप लागते. ती वयाची की त्या डब्याची, हे विचारायला मी अजून डॉक्टरांकडे गेलेले नाही.

चाळिसाव्या दिवसानंतर मी इंदापूरला त्यांच्या घरी गेले. इकबालभाईंनी चहा दिला आणि मी भीत होते तेच विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मलाबी. तिच्या कपाटात पंप घावला हुता, आन् त्या पावडरीनंच दम लागतोय हे दिसत हुतं. विचारलं न्हाय. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, मंग थांबवावं लागलं असतं… आन् तिचं तोंड बघवलं नसतं."

येताना डाळजला थांबले. पत्र्याच्या शेडचं दार उघडं होतं. डबा इकबालभाईंनी केव्हाच पुरून टाकला होता, फळ्या धुऊन काढल्या होत्या. मी तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आत अब्बा नाकाला ओला पंचा बांधून लांब काठीनं टाकीतलं पाणी हळूहळू ढवळत होते. रोज सकाळी कॉलेजला जाताना थांबून नसीम ढवळायची तसं. शेवाळ गर्द हिरवं झालं होतं.

"अब्बा, आता पावडर नाही आत. पंचा कशाला?"

"आसू दे." काठी थांबली नाही. "पोरी, हे काढायला कदी येतं? तिनं सांगितलं न्हाय."

दारातून सांगता येण्यासारखं ते नव्हतं. पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरून रंग बघावा लागतो. मी पदर नाकाशी घट्ट धरला आणि आत गेले.