दारात कोण, मधी कोण

सहा जानेवारी, सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. लातूरच्या मैदानावर मी ध्वनिमापक लावून एका हलगीची कंप्रता नोंदवत होते. आकडा आला एकशे ब्याण्णव हर्ट्झ. तो लिहीत असतानाच मागून आवाज आला, "गार हाय ना ही हलगी?"

"हो. हवेचं तापमान नोंदवलंय मी."

"नोंदवलंस, पण हलगी तापवली न्हाईस. उपाश्या माणसाचं वजन घेऊन त्याला हडकुळा म्हणून राहिलीस की, पोरी!"

सुती साडी, पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. सुनंदा कांबळे यांची आणि माझी ओळख ही अशी, तक्रारीपासून झाली. त्या लातूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. मी नांदेडची, भौतिकशास्त्रात एम. एस्सी., ताणलेल्या पडद्यांच्या कंपनांवर संशोधन करणारी. राज्यस्तरीय शालेय स्पर्धांच्या उद्घाटनासाठी ध्वनियोजनेचे काम मला मिळाले होते, आणि सोहळ्याचा पहिला भाग बसवण्याचे काम बाईंना. बाईंनी वाळल्या गवताचा जाळ केला, हलगीचे कातडे त्यावर धरले आणि माझ्यापुढे केले. "आता मोज." दोनशे त्र्याऐंशी. अहवालात मी दोन्ही आकडे लिहिले, शेजारी शेजारी, अटींसकट.

ऑलिम्पिकचे उद्घाटन सोहळे हा बाईंचा ध्यास होता. शाळेच्या सभागृहात त्या मुलींना ते पडद्यावर दाखवत आणि मध्येच चित्र थांबवून विचारत, "दारात कोण हाय? मधी कोण हाय?" खेळ नंतर बघायचे, आधी यजमानाने कुणाला कुठे उभे केले आहे ते बघायचे, अशी त्यांची शिकवण. नॉर्वेने बर्फाखालून आपल्या लोककथांमधली भुते बाहेर काढली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बर्फाची लाज वाटली न्हाई त्यांना. आपल्याला माळाची कामून वाटती?" कॅनडाने तिथल्या चार मूळ जमातींना यजमान म्हणून मानाने बसवले, ते दृश्य त्यांनी तीनदा दाखवले. सिडनीत मूळ रहिवाशांपैकी एका धावपटू मुलीने ज्योत पेटवली, त्यावर मुली टाळ्या वाजवू लागल्या. बाईंनी त्यांना गप्प केले. "टाळ्या नंतर. ज्योत विझल्यावर त्या लोकायला कुठं उभं केलं, ते शोधा आन् मंग वाजवा." भारावून जाणे आणि समजून घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मला प्रयोगशाळेबाहेर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही.

त्यांची योजना साधी होती. मैदानावर माळरान: पिवळा तरवड, वाळके कुसळी गवत, घोंगड्या पांघरून लांडगे झालेल्या मुली. मध्यभागी गवताचा छोटा जाळ. मुखेडकडचे लक्ष्मणमामा आणि त्यांचे पाच साथीदार त्यावर हलग्या तापवणार, वाजवणार, आणि त्याच जाळातून स्पर्धेची ज्योत पेटणार.

संयोजन समितीचे सचिव आधी "वा, वा" म्हणाले. दुसऱ्या बैठकीत पुण्याहून बोलावलेल्या कंपनीचा आराखडा टेबलावर आला. त्यात घनदाट जंगल होते, वाघ होता, धबधबा होता.

"सर, लातुरात वाघ कुठून आणला?" बाईंनी विचारले.

"प्रतीकात्मक आहे, मॅडम. माळरान म्हणजे रिकामी जागा. पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"रिकामी तुमाला दिसून राहिली. तिथं लांडगीण पिल्लं वाढवती. टिटवी अंडी घालती उघड्यावर. आन् धबधबा? ज्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी घोटघोट प्यालं, त्याच्या म्होरं प्लॅस्टिकचा धबधबा सोडता?"

उत्तर नसले की ठराव करतात, तसा झाला. मैदानात जाळ नको, कारण अग्निसुरक्षा. हलगीवाले प्रवेशद्वाराशी उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करतील. मध्यभागी ध्वनिमुद्रित संगीत वाजेल, कारण "तांत्रिक अहवालानुसार हलगीचा स्वर अपुरा आहे." तो तांत्रिक अहवाल माझा होता. त्यातला गार हलगीचा आकडा त्यांनी उचलला आणि तापलेल्या हलगीचा, त्याच ओळीतला, गाळला. मी लेखी हरकत घेतली. ती "नोंद घेतली" या दोन शब्दांखाली पुरली गेली. मोजमाप अर्धे वाचणे हे अज्ञान नसते. ज्याला निष्कर्ष आधीच ठाऊक असतो, तोच असा वाचतो.

बैठकीबाहेर एका सहकाऱ्याने बाईंना टोमणा मारला, "तुमच्या आज्यानं टाकलेली हलगी तुमी कामून उचलून राहिलात, मॅडम?" टोमण्याला इतिहास होता. बाईंचे घर लोहा तालुक्यातले. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावकीची सक्तीची कामे सोडली आणि मिरवणुकीपुढे वाजवावी लागणारी हलगी विहिरीत फेकली.

बाई थांबल्या. "आज्यानं हलगी टाकली न्हाई, सर. दारातली जागा टाकली. मामांची हलगी ही मामांची कला हाय. तिला जागा मधलीच पायजे."

सोहळ्याच्या दिवशी साडेतीन वाजल्यापासून सहा जण प्रवेशद्वाराशी उभे होते. पाहुणे सूर्य मावळल्यावर आले. जानेवारीतल्या गार हवेत कातडी ढिली पडली होती. हलग्या खोकल्यासारख्या वाजल्या. सचिव माझ्या टेबलापाशी येऊन समाधानाने म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?" आत प्लॅस्टिकच्या वाघाने मान हलवली, धबधबा सुटला, मान्यवरांच्या हस्ते ज्योत पेटली. उंच चौथऱ्यावर गॅसचा भला मोठा भडका. त्या जाळाला अग्निसुरक्षेची आठवण कुणी करून दिली नाही.

तेव्हा बाई प्रवेशद्वाराशी गेल्या. माझे टेबल तिथून जवळ होते. मी सगळे ऐकले.

"मामा, जाळ मधी हाय. चला."

"बाई, त्यो पवित्र हाय म्हणत्यात."

"पवित्र असंल तर हलगी लवकर तापंल."

मामा हसले, पण पाय हलेना. "मला काय, मी म्हातारा. तुमची नोकरी जाईल की वो."

"माझी नोकरी मी बघते. तुमी हलगी बघा."

सुरक्षारक्षक आडवा आला. "मॅडम, आत मान्यवर आहेत."

"हाव, दिसून राहिलेत. आमी यजमान आहोत. सरक, बाळा."

धावपट्टी ओलांडून ते सात जण सरळ मध्यभागी गेले. निवेदकाचे वाक्य अर्धवट राहिले. सहाही जणांनी चौथऱ्याच्या पायऱ्या चढून हलग्या ज्योतीच्या कडेला धरल्या. बोटाने ठोकत, फिरवत, पुन्हा धरत. मी ध्वनियंत्रणेवरच्या मुलाला संगीत बंद करायला सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, सचिवांकडे पाहिले आणि बंद केले. मग मामांनी हलगीवर काडी मारली. प्रेक्षागारातली शाळकरी पोरे एकदम उभी राहिली. पाहुणे बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: "हलगी गार होती, जाळ मध्ये होता." त्यांना निलंग्याच्या बाजूच्या एका शाळेत धाडण्यात आले, जिथे मैदानच नव्हते. मी भेटायला गेले, तर शाळेमागच्या माळावर त्या मुलींना पळवत होत्या. "मैदान न्हाई म्हणं! हे बघ. कुंपण न्हाई म्हणून त्या लोकायला दिसत न्हाई."

खरा संताप त्यानंतरचा. पुढच्या वर्षीच्या स्पर्धांची पत्रिका आली, तिच्या मुखपृष्ठावर ज्योतीवर हलगी तापवणाऱ्या मामांचे छायाचित्र होते. खाली लिहिले होते: "आपल्या मातीची अभिनव संकल्पना." मामांचे नाव नाही. बाईंचे नाही. आत संकल्पनेचे श्रेय सचिवांना. मी चिडून पत्रिका बाईंपुढे टाकली. त्यांनी चष्मा लावून छायाचित्र पाहिले. म्हणाल्या, "नाव चोरलं, ठीक. पण जागा बघ. मधी हायत ना?"

त्या पावसाळ्यात मेंदूतल्या रक्तस्रावाने बाई गेल्या. चोपन्न वर्षांच्या होत्या.

संयोजन समितीने शोकसभा घेतली, त्याच मैदानावर. मंचावर सचिव, त्यांच्यामागे बाईंचा हार घातलेला फोटो. आणि प्रवेशद्वाराशी, पाहुण्यांच्या वाटेवर, लक्ष्मणमामा आणि पाच साथीदार. त्यांना तिथेच उभे राहायला सांगितले होते. ज्या बाईने आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, तिच्या शोकसभेत त्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तेच होते. मी मंचाकडे निघाले. काय बोलायचे ते मुद्देसूद ठरवलेही होते.

मामांनी मला अडवले. "कुठं निघालीस?"

"सांगायला. तुम्हाला आत घ्या म्हणून."

"सांगणारी गेली, पोरी. आता इचारायचं न्हाई." त्यांनी साथीदारांकडे पाहिले. "चला रं."

ते मैदानाच्या मध्यभागी गेले. सचिव "सर्वांच्या लाडक्या" या शब्दांपाशी अडखळले. मामांनी पिशवीतून वाळलेले कुसळी गवत काढले, जमिनीवर ठेवले, काडी ओढली. हवा दमट होती. गवत धुरावले, मग पेटले. या वेळी अग्निसुरक्षेचे नाव घ्यायला कुणी उठले नाही. मागच्या रांगांमधून बाईंच्या शाळेतल्या मुली उठल्या आणि जाळाभोवती येऊन उभ्या राहिल्या.

मी पिशवीतून ध्वनिमापक काढला.

"थांब," मामा म्हणाले. "तापू दे आधी."

मी थांबले. मग त्यांनी मान हलवली, हलगीवर काडी मारली, आणि मी नोंद केली: दोनशे शहाऐंशी हर्ट्झ.