काकांची पट्टी, दादाचा चिमटा

अकरा की बारा, एवढंच मला विचारायचं होतं. दादानं सकाळी फोनवर सांगितलं होतं, बाजारात जाशील तेव्हा गिटारच्या तारांचा एक सेट घेऊन ठेव, गणपतीआधी बदलायच्या आहेत. रत्नागिरीतल्या दुकानदारानं माझ्यापुढे दोन पाकिटं ठेवली, एक अकरा नंबरच्या तारांचं, एक बाराच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून दादालाच फोन लावला. उचलला वहिनीनं. दादा जेवून आडवा झाला होता आणि उठलाच नव्हता… डॉक्टर येऊन गेले होते, मला कसं सांगायचं म्हणून ती फोन हातात घेऊन बसली होती, तेवढ्यात माझाच फोन आला. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले. समोरून दुकानदार विचारत होता, "ताई, कुठल्या देऊ?" त्या दुपारपासून मी एका जागी धड बसलेली नाही. भाजी चिरता चिरता उठते, गॅलरीत जाते, कशाला आले ते विसरते आणि परत येते.

माझा हा थोरला भाऊ, विलास, जयगडच्या बंदरात क्रेन चालवायचा. पन्नाशी उलटेपर्यंत त्यानं आरतीतल्या टाळांखेरीज कुठलंही वाद्य हातात धरलेलं नव्हतं. एकदा धक्क्याला लागलेल्या जहाजावर एक परदेशी खलाशी गिटार वाजवत बसलेला त्याला क्रेनच्या केबिनमधून दिसला. "आवाज काय येत नव्हता गो शुभे," तो मला म्हणाला, "नुसता हात दिसत होता. त्या हाताला काय घाई नव्हती." आता हे ज्यानं म्हटलं तो माणूस असा, की गरम चहासुद्धा उभ्या उभ्या प्यायचा. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला तेव्हाच कळायला हरकत नव्हती. पण मी म्हटलं, "वहिनीला विचारलंस का?"

मग सुरू झाली खरेदी. पहिली गिटार एवढी जाडजूड निघाली, की दादाचं पोट आणि ती, दोघांना मांडीवर एकदम जागा होईना. ती बदलून आणली. दुसरीला नायलॉनच्या तारा होत्या, बोटांना मऊ, पण टाळ सुरू झाले की तिचा आवाज तिच्या पोटातच राहायचा. तिसरी आणली ती पोलादी तारांची. क्रेनचे दांडे धरून त्याची बोटं राठ झाली होती, तरी त्या तारांनी त्यांना फोड आणले, आणि बोटं इतकी जाड की एक तार दाबायला जावं तर शेजारचीही गप्प व्हायची. मोबाईल पाटावर उभा करून, त्यातल्या मुलाकडे रागानं बघत तो शिकायचा. "हा हसतो कशाला सारखा?" असं विचारायचा. पावसाळ्यात गिटारला दमट हवा लागू नये, हे त्यानं कुठंतरी ऐकलं. मग आमच्याकडे नारळ आणि बियाणं जिथं कोरडं राहतं, त्या न्हाणीघरातल्या चुलीवरच्या माळ्यावर त्यानं ती नेऊन ठेवली! रोज खाली आंघोळीचं पाणी तापत होतं, वर गिटारही शेकत होती. नारळी पौर्णिमेला खाली काढली तर तारा अडकवायची लाकडी पट्टी डिंक सुटून वर उचकटलेली, आणि सगळ्या अंगाला धुराचा वास. "आता हिला मीठमसाला लावून खा," असं वहिनी म्हणाली. दादानं सुतारकामाचा डिंक लावून, वर पाटा ठेवून ती चिकटवली, आणि पुढची सगळी वर्षं ती धुराचा वास देत वाजत राहिली.

हा सगळा खटाटोप आरतीसाठी चालला होता. आमच्या वाडीत गणपतीत घरोघर फिरून आरत्या होतात, आणि पहिला सूर लावायचा मान आमच्या शेजारच्या बापूकाकांचा, म्हणजे आमच्या चुलतकाकांचा. काका डोळे मिटतात आणि गळा जिथं लागेल तिथून सुरू करतात. वाडीतली पेटी वाळवीनं खाल्ली, तेव्हापासून त्यांना धरायला कोणीच नाही. शिवाय प्रत्येक कडव्याला ते थोडे वर चढतात, त्यांच्यामागे सगळी वाडी चढते, आणि शेवटी शेवटी आम्ही बायकासुद्धा अक्षरशः किंचाळत असतो. दादाला एकच हवं होतं. आपल्या घरातली एक तरी आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत गिटारवर वाजवायची. पहिल्या वर्षी तो एका पट्टीत महिनोन् महिने तयारी करून बसला आणि काकांनी भलतीच पट्टी लावली. बिचाऱ्यानं मुकाट्यानं गिटार खाली ठेवली आणि टाळ उचलले.

मग त्यानं चिमटा आणला. त्याला दुकानात कॅपो म्हणतात. गिटारच्या गळ्यावर तो लावला की सगळ्या तारांची पट्टी एकदम वर सरकते, बोटं मात्र शिकलेलीच ठेवायची. दादाला वाटलं, काका सापडले! गेल्या वर्षी काकांनी तोंड उघडल्याबरोबर त्यानं चिमटा वरखाली करून सूर पकडला, आणि दोन कडवी काय वाजवली म्हणून सांगू… वहिनी आरतीचं तबक फिरवायची थांबली होती. तिसऱ्या कडव्याला काका चढले. दादा घाईघाईनं चिमटा सरकवायला गेला, तो हातातून उडाला आणि नैवेद्याच्या मोदकांत जाऊन पडला. आरतीत हशा पिकला. तोही हसला, पण आरती संपल्यावर काकांना अडवून म्हणाला, "काका, एकदा तरी माझ्या पट्टीत सुरू करा. आधी तार वाजवून दाखवतो, तेवढी ऐका."

"देवाला पट्टी कळत नाय मेल्या," काका म्हणाले. "तू तुझा चिमटा हलव. मी माझा गळा नाय हलवणार."

त्या संध्याकाळी तो मला एसटीला सोडायला आला, त्यानं माझी पिशवी गाडीत ठेवली. मग म्हणाला, "मला वाजवायला येतं गो शुभे. फक्त कोणीतरी जरा थांबायला हवं." मला फार वाईट वाटलं. साठीला आलेला माणूस, आणि तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

यंदा गणपती आणायचा की नाही यावर घरात खल झाला. वहिनीनंच ठरवलं, आणायचा, पण दीड दिवसाचा, आणि गोडधोड नैवेद्यापुरतं. आरतीला वाडी आली. ढोलकी लागली. काका पुढे येऊन उभे राहिले, डोळे मिटले, आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो. ते सुरूच करेनात. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"ती जाडी तार वाजवायचा ना तो? वाजव जरा."

गिटार कोपऱ्यात टेकवलेली होती. चिमटा तिच्या गळ्यावर दादानं लावला होता तिथंच होता. मी ती उचलली तीही उलटी, वहिनीनं सुलटी करून दिली. अंगठ्यानं जाडी तार ओढली. बरेच दिवस कोणी हात न लावल्यानं ती उतरली होती, घोगरा, खालचा आवाज आला. काकांनी कान जवळ आणला. "परत," म्हणाले. मी परत ओढली. त्यांनी तो सूर गळ्यात नीट घेतला आणि तिथूनच आरती सुरू केली, इतकी खाली की पोरांना लागेना, बाप्ये मात्र पोटातून गायला लागले. काकांना त्या वयात असं खाली राहायला किती जड जात होतं ते त्यांच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. पहिलं कडवं त्यांनी तसंच नेलं. दुसरंही नेलं. मी गिटार छातीशी धरून उभी होते, मला पुढे काहीच येत नव्हतं.

तिसऱ्या कडव्याला त्यांचा गळा सुटला आणि ते वर चढले. त्यांच्यामागे सगळी वाडी चढली. घाईघाईनं चिमटा सरकवायला या वेळी कोणी नव्हतं.